झारीतला शुक्राचार्य

कुणाला तपकिरीचे व्यसन असते, कुणाला पत्त्यांचे. मला वाक्प्रचारांचे आहे. गेली बावीस वर्षे मी मुंबईच्या एका उपनगरातल्या महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे. एवढ्या काळात मुलांना माझ्यापासून काय मिळाले ते त्यांनाच ठाऊक. मला मात्र ही खोड कायमची जडली. कुणी सहज बोलताना ‘अकलेचा कांदा’ म्हणाले, की कांदाच का आणि बटाटा का नाही, याचा खल केल्यावाचून माझ्याच्याने राहवत नाही. आमच्याकडे पाहुणे फार वेळ टिकत नाहीत, त्याचे कारण हेच, असे सौभाग्यवतीचे ठाम मत आहे. अशा माणसाला रात्री साडेनऊ वाजता भाचीने फोन करावा आणि कसा आहेस, काय आहेस, काही न विचारता एकदम म्हणावे, ‘‘मामा, झारीतला शुक्राचार्य म्हणजे रे काय?’’ त्याचा आनंद काय वर्णावा!

गेल्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. शर्वरी ही माझ्या ताईची मुलगी. एम.एस्सी. होऊन आता पुण्याकडच्या एका संस्थेत पीएच.डी. करते. संस्थेचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. शाळा इंग्रजी असल्यामुळे मराठी बोलते छान, पण वाक्प्रचार आला की तिची गाडी अडते. मी चष्मा काढला, आरामखुर्चीत नीट बसलो आणि वर्गात सांगतो तशी साग्रसंगीत कथा सुरू केली. बळीराजाचा यज्ञ चालला आहे. दारात एक खुजा बटू येतो आणि तीन पावले जमीन मागतो. बळीला हसू येते. एवढेसे पाय आणि तीन पावले! पण त्याचे गुरू शुक्राचार्य त्या बटूकडे नीट पाहतात आणि म्हणतात, राजा, हा दिसतो तेवढा नाही, जपून. बळी ऐकत नाही. दानाचे उदक सोडायला तो झारी उचलतो, तर शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसतात. पाणी अडते. वामन दर्भाची काडी तोटीत घालतो आणि शुक्राचार्यांचा एक डोळा जातो.

‘‘म्हणून,’’ मी समारोप केला, ‘‘चांगल्या कामात आत बसून जो खोडा घालतो, तो झारीतला शुक्राचार्य. आणि बळीप्रतिपदा तर आलीच आहे. अगदी वेळेवर विचारलंस!’’

पलीकडून काहीच आवाज येईना.

‘‘ऐकते आहेस ना?’’

‘‘ऐकतेय. मामा, आज आमच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर असं म्हणाले.’’

मग हळूहळू तिने सगळे सांगितले. तिच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या नळ्यांवर काम चालते. नळ्या म्हणजे आपल्या नळाच्या नव्हेत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि या नळ्यांची जाडी नॅनोमीटरच्या एकंदशकांत मोजतात. सुमिओ इजिमा या जपानी शास्त्रज्ञाने १९९१ साली त्यांचे वर्णन केल्यापासून सगळ्या जगाचे लक्ष त्यांच्याकडे लागले, कारण पोलादाहून बळकट आणि वजनाला अगदी हलक्या. बाटलीत भरल्या म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी दिसते. ही भुकटी उघड्या टेबलावर साध्या तराजूत तोलायची, अशी तिथली वहिवाट. हवा ओढून घेणारे कपाट होते; पण त्याच्या झोताने भुकटी उडते म्हणून त्याचा पंखा बंद आणि आत रिकाम्या बाटल्यांचा संसार. शर्वरीने सांगितले, तोलण्यासाठी बंदिस्त पेटी आणा. ती येईपर्यंत मी कोरड्या भुकटीला हात लावणार नाही. आता पेटीला पैसे लागतात, पैशाला मंजुरी लागते आणि मंजुरीला किती दिवस लागतील हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. तोपर्यंत शोधनिबंध रखडणार आणि परदेशात दुसराच कुणी तो विषय छापून मोकळा होणार. बैठकीत एक वरिष्ठ संशोधक हसत हसत म्हणाला, ‘बाहेरचे शत्रू कशाला हवेत, आपल्यातच एक झारीतला शुक्राचार्य बसलाय.’ सगळे हसले. शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे शर्वरीही थोडी हसली.

‘‘किती वर्षं राहिली तुझी?’’ मी विचारले.

‘‘दीड-दोन.’’

‘‘मग तोंडाला चांगला मास्क लाव आणि गप्प राहा. पदवी एकदा पदरात पडू दे, मग काय ते बोल. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. पण ते मी पहिल्यांदा कुठे ऐकले? बऱ्याच वेळाने आठवले. लालबागच्या चाळीत, आमच्या खोलीच्या दारात. आमच्या शेजारी एक जॉबर राहत. त्यांनी ते माझ्या वडिलांना सांगितले होते आणि पुढे आईने ते कितीदा तरी घोकले होते.

अण्णा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पिंजलेल्या कापसाचे पेळू करायचे ते खाते. हवेत कापसाची धूळ इतकी, की पाळी सुटल्यावर माणसे पिठाच्या चक्कीतून आल्यासारखी भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर पडत. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला अण्णांची छाती आवळल्यासारखी होई आणि आठवडा सरत जाई तशी ती जरा मोकळी होई. आम्हां पोरांना वाटे, अण्णांनाही आमच्यासारखाच सुट्टीनंतर शाळेत जायचा कंटाळा येतो! पुष्कळ वर्षांनी मला कळले, की ही त्या रोगाची खूणच आहे. बिसिनोसिस असे त्याचे नाव. पाश्चात्त्य देशांत त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. जवसाचे नि भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांना धुळीमुळे खोकला लागतो, हे बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. लालबागपर्यंत यायला त्या माहितीला फारच वेळ लागला.

अण्णांनी एकदाच तोंड उघडले होते. खात्यात धूळ ओढणारा पंखा बसवा, म्हणाले. तेव्हाच शेजारच्या जॉबरांनी ते माशाचे वाक्य सांगितले. माणूस वाईट नव्हता. अण्णांची नोकरी टिकावी म्हणूनच सांगत होता. अण्णा गप्प बसले. धुळीवर उतारा म्हणून खिशात गुळाचा खडा ठेवू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरणी सुटली, पण खोकला काही सुटला नाही. पुढे ते एका कचेरीत पहारेकरी होते. १९९९ साली ते गेले, तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कागदावर कारण लिहिले होते: दमा. गिरणीचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. शर्वरी तेव्हा वर्षाची होती. तिला मांडीवर घेतले म्हणजे खोकताना ते तोंड पार भिंतीकडे फिरवीत.

आणि आता त्याच अण्णांच्या नातीला मी तेच वाक्य सांगितले होते. तेही पाठ केल्यासारखे, एका दमात.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसलो. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. अकरावीला तो विषय सोडताना मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. पण शब्दकोश जवळ घेतला म्हणजे मराठीचा मास्तर कुठेही शिरतो. रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात एक व्याख्यान दिले आणि पदार्थाच्या तळाशी पुष्कळ जागा मोकळी आहे, असे सांगितले, तिथून या विद्येची कथा सांगण्याची पद्धत आहे. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हे नाव मात्र १९७४ साली नोरिओ तानिगुची या जपानी प्राध्यापकांनी दिले. आपल्याकडे २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशन सुरू केले. या विद्येने दिलेली देणगीही मी वाचली. कर्करोगावरचे एक औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कुपीत भरून शिरेतून देण्याची पद्धत अमेरिकेत १९९५ साली मान्य झाली. म्हणजे औषध नेमके पोचावे आणि हृदयाला त्याची झळ कमी लागावी. करोनाच्या साथीत परदेशांत ज्या नव्या तऱ्हेच्या लशी दिल्या गेल्या, त्याही अशाच मेदकणांत गुंडाळलेल्या होत्या. मद्रासच्या आयआयटीतले प्रा. टी. प्रदीप यांनी पाण्यातले आर्सेनिक काढणारे पदार्थ याच विद्येतून तयार केले आहेत. हे वाचून माझी छाती अंमळ फुगली आणि शर्वरीने उगाच अडून बसू नये, असेच मला पुन्हा वाटू लागले. माणसाचे मन फार लबाड! आपलाच सल्ला खरा ठरविण्यासाठी ते कुठून कुठून पुरावे गोळा करते.

भाऊबीजेला आम्ही पुण्याला ताईकडे गेलो. ओवाळणे झाले, फराळाची ताटे पुढे आली आणि शर्वरी माझ्यासमोर येऊन बसली. नेहमीपेक्षा जरा गप्प होती. वातावरण मोकळे करावे म्हणून मी म्हणालो, ‘‘काय शुक्राचार्य, डोळे दोन्ही शाबूत आहेत ना?’’

ती हसली. म्हणाली, ‘‘मामा, तुला एक गंमत सांगू? नॅनो हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ काय ठाऊक आहे? खुजा.’’

‘‘म्हणजे वामन!’’ मी इतक्या जोरात ओरडलो, की हातातला बेसनाचा लाडू फुटला.

‘‘म्हणून तर सांगतेय. आता हे बघ.’’ तिने ओवाळणीच्या तबकातला खडीसाखरेचा एक खडा उचलला. ‘‘हा चौकोनी आहे आणि याची प्रत्येक बाजू एक सेंटीमीटर आहे, असं धर. याचं सगळं अंग किती? सहा चौरस सेंटीमीटर. पोस्टाच्या तिकिटाएवढं. आता याचेच एक एक नॅनोमीटरचे तुकडे कर आणि सगळ्या तुकड्यांचं अंग मोज. किती होईल?’’

मी अर्थातच काही बोललो नाही.

‘‘सहा हजार चौरस मीटर. जवळजवळ दीड एकर. साखर तेवढीच, वजन तेवढंच. पण हवेला, पाण्याला, आपल्या छातीला भिडणारं तिचं अंग दीड एकराचं. आणि पदार्थाचा स्वभावही पालटतो. सोनं घे. मायकेल फॅरडेने १८५७ साली सोन्याचे असे बारीक कण पाण्यात केले, तर पाणी माणकासारखं लाल झालं. सोनं पिवळं असतं ही आपली समजूत फक्त मोठ्या सोन्यापुरती खरी. म्हणून मोठ्या कार्बनने कधी कुणाला त्रास दिला नाही, तेव्हा बारीक कार्बनही गरीबच असणार, असं म्हणता येत नाही. वामनाकडे बघून तो तीनच पावलं घेईल असं म्हणण्यासारखं ते आहे.’’

मी जरा विचारात पडलो. पण मास्तर एवढ्या लवकर हार जात नाही. ‘‘आपल्याकडे भस्मं काय आहेत?’’ मी म्हणालो. ‘‘शेकडो वर्षं आपले वैद्य धातूंची भस्मं देत आले.’’

‘‘देत आले, पण आधी कसोट्या लावून,’’ ती म्हणाली. ‘‘भस्म चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेघांत शिरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. पुन्हा तापवलं तरी त्याचा धातू होता कामा नये. या शब्दांचा अर्थ तूच मला सांगितला होतास. कसोटी सोडली की काय होतं? २००४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधं तपासली, तर चौदांत शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. मी तरी वेगळं काय म्हणते? कसोटी लावा, एवढंच.’’

मग मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. म्हणालो, नुसत्या नावाची भीतीही फार वाईट. २००६ साली जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा न्हाणीघर साफ करण्याचा फवारा बाजारात आला आणि शंभराच्या आसपास माणसांना श्वासाचा त्रास झाला. नॅनोच्या नावाने केवढा गहजब झाला! पुढे तपासले तर त्यात नॅनो कण नव्हतेच. होते ते फक्त बाटलीवरच्या नावात. आणि ऑगस्ट २०११ मध्ये मेक्सिकोत तर या विद्येच्या विरोधकांनी एका विद्यापीठात पार्सलातून बॉम्ब पाठविला. दोन प्राध्यापक जखमी झाले. ‘‘एरिक ड्रेक्सलरने १९८६ च्या पुस्तकात आपली आपण पिलावळ वाढवून जग खाऊन टाकणाऱ्या यंत्रांची शक्यता मांडली, तेव्हापासून लोक दचकलेत. २००४ साली त्यानेच सांगितलं, की असली यंत्रं बनवण्याची काही गरजच नाही.’’

शर्वरी माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘मामा, तू एवढं वाचलंस?’’

‘‘तुझ्यासाठी,’’ मी म्हणालो. म्हणताना थोडी लाज वाटली. कारण मी ते तिला गप्प बसविण्यासाठी वाचले होते.

‘‘मग जग खाणारी यंत्रं सोडून दे,’’ ती म्हणाली. ‘‘भीती दाखवायला ती बरी पडतात आणि नंतर हसण्यावारी न्यायलाही. खरा प्रश्न फार साधा आहे. तो टेबलावरच्या भुकटीचा आहे.’’ आणि तिने मला सांगितले, ते असे. २००८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी या कार्बनच्या नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या. शरीरात कचरा आला, की त्याचा घास घेणाऱ्या पेशी असतात. नळी आखूड असली किंवा गुंतवळ झालेली असली, तर पेशीचे काम सुरळीत होते. नळी लांब आणि ताठ असली, तर ती पेशीच्या तोंडात मावत नाही. धड गिळवत नाही, धड टाकवत नाही. मग तिथे दाह सुरू होतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू अगदी हेच करतात. २०१३ साली अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने सुचविले, की कामाच्या जागी एक घनमीटर हवेत अशा कार्बनचा एक मायक्रोग्रॅमहून अधिक अंश नसावा. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश! २०१४ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या नळ्यांतली एक जात माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत घातली. बाकीच्यांबद्दल निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. माणसांविषयीची माहिती त्यांच्यापुढे नव्हतीच.

‘‘म्हणजे कुणाला काही झालेलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘ॲस्बेस्टॉसचा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो,’’ शर्वरी म्हणाली. ‘‘तोवर कुणालाच काही झालेलं नसतं.’’

तिच्या तोंडून मला त्या दिवशी एका बाईची गोष्ट कळली. ल्यूसी डीन ही ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री-कारखाना-निरीक्षकांपैकी एक. १८९८ सालच्या अहवालात तिने लिहिले, की ॲस्बेस्टॉसची धूळ कामगारांना बाधते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे धारदार दिसतात. पुढे काय झाले? अहवाल छापला गेला. पत्रे, नळ, गाड्यांचे ब्रेक, सगळ्यांत ॲस्बेस्टॉस वाढतच गेले. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी आली १९९९ साली. मध्ये एकशे एक वर्षे गेली. १९९९ हे अण्णांचे वर्ष. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळते. पण साल ऐकल्याबरोबर माझा हात फराळाच्या ताटावरून मागे आला.

‘‘तू मास्क लाव म्हणालास,’’ शर्वरी पुढे म्हणाली, ‘‘तो मी लावतेच. चांगल्या मास्कमधून हे कण निसटतात असंही नाही. अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे भिरभिरतात आणि मास्कच्या तंतूंना जाऊन चिकटतात. माझ्याकडे मास्क आहे, हातमोजे आहेत, मला इंग्रजी वाचता येतं. पण संध्याकाळी सहाला आमच्याकडे झाडायला मावशी येतात. टेबलाखाली सांडलेलं काळं त्या झाडूने ओढतात. ते सगळं वर उडतं. नाकाला पदर लावतात आणि म्हणतात, ‘काय गं बाई तुमची ही काजळी, घरी गेलं तरी जात नाही.’ त्यांना काय सांगू? पदवी मिळाली की मग सांगते म्हणू?’’

ताई इतका वेळ ऐकत होती. विज्ञानाचा तिला माझ्याइतकाच तिटकारा. ती एकदम म्हणाली, ‘‘अण्णांच्या सदऱ्याचे खिसे मी उलटे करून झटकायची. गुळाला कापूस चिकटलेला असायचा. आईला वाटायचं, गूळ आहे ना, मग झालं.’’ आणि थांबून म्हणाली, ‘‘तेव्हा कुणी एवढंसुद्धा बोललं नाही रे.’’

कुणी बोलले नाही, हे खरे नव्हते. अण्णा बोलले होते. पण मी ताईला दुरुस्त केले नाही.

झारीतल्या शुक्राचार्याची गोष्ट मी इतकी वर्षे अर्धीच शिकवीत आलो, हे मला त्या दिवशी कळले. त्या यज्ञमंडपात इतके विद्वान बसले होते; समोर उभा असलेला खुजा बटू दिसतो तेवढा नाही, हे ओळखणारा एकच निघाला. त्याचे सांगणे अक्षरशः खरे ठरले. मग तो चुकला कुठे? सांगून थांबायचे सोडून तो तोटीत जाऊन बसला, तिथे. पार्सलातून बॉम्ब पाठविणारे ते तोटीतले. ‘थांबवा हे सारे’ म्हणून डोळे मिटून ओरडणारेही तोटीतलेच. शर्वरी तोटीत बसलेली नव्हती. ती बळीच्या कानाशी उभी होती. आणि बळी तरी आपल्याला प्रिय का? भाबडेपणाने फसला म्हणून नव्हे. हा कोण आहे हे गुरूने सांगितल्यावर, समजून उमजून त्याने दान दिले, म्हणून त्याचे राज्य यावे असे आपण अजून म्हणतो. बळीला सावध करणारे कुणी नसते, तर त्याच्या दानाला एवढे मोल आले नसते.

मी शर्वरीला म्हणालो, ‘‘माझा त्या दिवशीचा सल्ला परत घेतो. माशांशी वैर नको, पण पाण्यात काय आहे ते विचारायला हरकत नाही.’’

‘‘मी कालच अर्ज लिहिलाय,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘तुझ्या ‘बरं’ म्हणण्यावर कोण जातो!’’ ‘बरं’ म्हटले होते ते तिने, मी नव्हे. पण तेवढी चूक मी सोडून दिली.

अर्ज मी वाचला. त्यात रडगाणे नव्हते की कुणावर ठपका नव्हता. लंडनच्या रॉयल सोसायटीने इंजिनिअरांच्या अकादमीबरोबर २००४ साली अहवाल काढला, त्यातली एक शिफारस तिने उद्धृत केली होती: पुरती माहिती हाती येईपर्यंत कारखान्यांनी आणि संशोधनशाळांनी असे कण धोकादायक आहेत असे धरूनच चालावे. पुढे चार मागण्या होत्या. तोलायला बंदिस्त पेटी आणावी. ती येईपर्यंत भुकटी द्रवात भिजवून हाताळावी, म्हणजे उडणार नाही. हवेच्या कपाटातल्या बाटल्या काढाव्या. आणि कोरडे झाडणे बंद करून ओल्याने पुसावे. पेटी सोडली तर यातल्या एकाही मागणीला नाव घेण्यासारखा पैसा लागत नव्हता.

‘‘आणि मामा, एक काम तुझ्याकडे,’’ ती म्हणाली. ‘‘मावशींसाठी भिंतीवर मराठीत पाटी लावायचीय. मला नीट जमत नाही.’’

मी लगेच खिशातून पेन काढले. एम.ए., बावीस वर्षांचा अनुभव! मी लिहिले: ‘या कक्षात शुष्क संमार्जन वर्ज्य आहे. आर्द्र वस्त्राचाच अवलंब करावा.’ शर्वरीने वाचले आणि ती इतकी हसली, की आतून ताई धावत आली. ताईने तो कागद घेतला, उलटा केला आणि म्हणाली, ‘‘हं, लिही. मी सांगते.’’ शेवटी पाटी झाली ती अशी:

‘कोरडा झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. पुसलेले फडके धुऊ नये, लाल पिशवीत टाकावे. हातमोजे घालावे. काही सांडलेले दिसले तर हात न लावता सांगावे.’

पुढचे थोडक्यात सांगतो. तिचे मार्गदर्शक काही दुष्ट माणूस नव्हते. घाईत होते इतकेच. अर्ज वाचून ते आठवडाभर घुश्शात राहिले, मग एक दिवस स्वतःच कपाटातल्या बाटल्या काढायला लागले. भुकटी भिजवून काम सुरू झाले. पेटी यायला आठ महिने लागले. निबंध रखडला, परदेशातल्या एका गटाने त्यातला थोडा भाग आधी छापला, ही गोष्ट खरी आहे आणि शर्वरीला ती अजून लागते. ‘शुक्राचार्य’ हे तिचे नाव कायम राहिले. पण आता ते हाक मारण्यापुरते उरले आहे.

माझी बावीस वर्षांतली बरीचशी लेखनसंपदा महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांत सुखाने झोपली आहे. ती पाटी मात्र रोज वाचली जाते. पहिल्या दिवशी मावशींनी ती बोट फिरवीत, एकेक शब्द लावीत वाचली, असे शर्वरीने मला फोनवर सांगितले. मग झाडू कोपऱ्यात ठेवला, बादली घेतली आणि म्हणाल्या, ‘‘एवढंच होतं, तर आधी सांगायचं ना.’’